स्पॅनिशमधला 'गिन्यो': डोळा मारण्यापासून गाडीच्या इंडिकेटरपर्यंत

प्रश्न असा आहे. स्पॅनिश मालिका आणि लेख मराठीत आणणाऱ्या एका भाषांतरकार बाईंना 'गिन्यो' हा शब्द चार ठिकाणी अडला. एका मालिकेत आजोबा जेवणाच्या टेबलापलीकडून नातवाला गिन्यो करतात. एका चित्रपट परीक्षणात 'हा सिनेमा जुन्या गुन्हेपटांना केलेल्या गिन्योंनी भरलेला आहे' असं वाक्य आहे. अर्जेंटिनाच्या एका राजकीय बातमीत कुणी गव्हर्नर 'कासा रोसादाचा गिन्यो घेऊन' दौऱ्यावर निघतो. आणि एका कथेतला टॅक्सीवाला 'गिन्यो लावतो आणि उजवीकडे वळतो'. शब्दकोश उघडला की चारही ठिकाणी उत्तर एकच, डोळा मारणे. त्यांचं विचारणं असं, की हा शब्द एक आहे की चार, आणि मराठीत प्रत्येक वेळी लिहायचं काय?

शब्द एकच आहे. चौथं वाक्य सोडलं तर अर्थही एकच आहे, फक्त तो डोळ्यापासून हळूहळू लांब गेलाय. मी स्पॅनिश शिकवतो आणि भाषांतरंही करतो, आणि या शब्दाशी माझी गाठ रोज नाही तरी दर आठवड्याला पडतेच. माझ्या मते गिन्योत कायम तीन जण असतात. एक गिन्यो करणारा, दुसरा ज्याच्यासाठी केला तो, आणि तिसरा ज्याला पत्ता लागू द्यायचा नाही तो. तिसरा माणूस कोण हे सापडलं की मराठी शब्द आपोआप सुचतो. तो शोधलाच नाही, तर 'डोळा मारला' लिहून आपण मोकळे होतो आणि वाचक गोंधळतो.

आधी उच्चाराचं उरकून घेऊ, कारण त्यातही गफलत होते. रोमन लिपीत हा शब्द जी, यू, आय, एन्ये, ओ असा लिहितात. स्पॅनिशमध्ये जी-नंतर यू आणि त्यापुढे आय किंवा ई आली की यू मुकी असते, ती फक्त 'ग' कठोर ठेवायला बसवलेली असते. म्हणून ग्विन्यो नाही, गिन्यो. गिटारला गितारा म्हणतात तो तसाच, आणि युद्धाला गेरा म्हणतात तोही तसाच. आपली वर्तमानपत्रं 'चे गव्हेरा' लिहितात तिथेही मूळ उच्चार गेवारा आहे, पण ते आता रुळलंय, त्यावर भांडण्यात अर्थ नाही. यू-चा उच्चार करायचाच असेल तर तिच्यावर दोन टिंबं देतात, पेंग्विनला पिंग्विनो म्हणतात तिथे देतात तशी. एन्ये म्हणजे डोक्यावर नागमोडी रेघ असलेला एन. ही रेघ म्हणजे जुन्या लेखनिकांची काटकसर: दोन एन लागोपाठ आले की ते एकच लिहायचे आणि दुसऱ्याची खूण वर ठेवायचे. उच्चार आपल्या 'कन्या'तल्या 'न्या'च्या जवळ जातो. खरं तर तो आपला ञ आहे, पण 'गिञो' लिहिलं तर कुणाला वाचता येणार नाही, म्हणून न्य बरा.

आता एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट, आघाताची. जोर पहिल्या अक्षरावर असेल, गिऽन्यो, तर ते नाम आहे, किंवा 'मी डोळा मारतो' हे क्रियापद. जोर शेवटी असेल, गिन्योऽ, तर 'त्याने किंवा तिने डोळा मारला'. लिहिताना हा फरक शेवटच्या ओ-वरच्या एका तिरप्या रेघेचा असतो. घाईत टंकलेल्या संहितेत ती रेघ गळते आणि मग उपशीर्षकात मारणारा कोण आणि मार खाणारा कोण याचा घोळ होतो. क्रियापद गिन्यार, आणि ते अगदी सरळ चालतं: गिन्यो, गिन्यास, गिन्या, गिन्यामोस, गिन्याइस, गिन्यान. एन्येवाली बरीच क्रियापदं भूतकाळात वाकडी जातात, हे जात नाही.

वाक्याची ठेवणही आपल्याला परकी नाही. 'मे गिन्योऽ एल ओखो', म्हणजे मला डोळा मारला. 'मे' म्हणजे आपलं 'मला'. 'ओखो' म्हणजे डोळा. त्याच्यामागे 'आपला' किंवा 'स्वतःचा' असं काही लागत नाही, मराठीतही लागत नाही, कारण दुसऱ्याचा डोळा मारता येत नाही. अडचण उलटीकडून येते. स्पॅनिश क्रियापदातून कर्ता पुरुष की बाई हे कळत नाही आणि मराठीत 'त्याने' की 'तिने' हे लिहावंच लागतं. पडद्यावर चेहरा दिसत असेल तर प्रश्न नाही. कथेत मात्र लेखकाने मुद्दाम लपवलेलं असू शकतं, आणि अशा वेळी 'कुणीतरी डोळा मारला' लिहून वेळ मारून न्यावी लागते.

क्रियापदाला दोन्ही डोळे जोडले, 'गिन्यार लोस ओखोस', तर बहुतेक वेळा खूण वगैरे काही नसते. उन्हात आल्यावर किंवा बारीक अक्षर वाचताना माणूस डोळे किलकिले करतो ते. म्हाताऱ्या माणसाने पत्र हातात घेऊन असं केलं आणि भाषांतरात म्हातारा पत्राला डोळा मारू लागला, असं व्हायला नको.

आता आजोबा आणि नातू. प्रसंग समजा असा: आई ओरडते आहे, गोड अजिबात मिळणार नाही, आणि आजोबा टेबलाखालून मुलाच्या हातात चॉकलेट सरकवून गिन्यो करतात. तिसरी व्यक्ती आई. मराठीत 'आजोबांनी नातवाला डोळा मारला' हे व्याकरणाने बरोबर आहे, पण कानाला खटकतं. आपल्याकडे 'डोळा मारणे' या शब्दाला रस्त्यावरच्या छेडछाडीचा वास चिकटलेला आहे, तो पुसला जात नाही. दोन मित्रांमध्ये चालतं, 'बंड्याने डोळा मारून गप्प बसायला सांगितलं' यात कुणाला काही वाटणार नाही. पण बाई आणि पुरुष, लहान मूल आणि मोठा माणूस, साहेब आणि हाताखालची मुलगी अशी जोडी असली की मराठी वाक्याचा रंग लगेच बदलतो. स्पॅनिशमध्ये हा रंग शब्दात नसतो, प्रसंगात असतो. दारूच्या गुत्त्यात अनोळखी बाईला केलेला गिन्यो माद्रिदमध्येही आगाऊपणाच समजतात, पण शब्द स्वतः निर्मळ राहतो. म्हणून आजोबांसाठी मी 'आजोबांनी त्याच्याकडे बघून हळूच एक डोळा मिचकावला' असं लिहीन. 'डोळे मिचकावले' असं अनेकवचन टाळीन, कारण त्यातून पापण्यांची उघडझाप वाटते. आणि पडद्यावर आजोबा दिसतच असतील तर काहीही लिहिणार नाही. उपशीर्षकातल्या दोन ओळी संवादाला लागतात.

डोळ्याची ही हालचाल संशयास्पद मानणं स्पॅनिशलाही नवं नाही. रेईना-व्हालेरा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्पॅनिश बायबलच्या १९६० च्या आवृत्तीत नीतिसूत्रांच्या दहाव्या अध्यायात, दहाव्या वचनात, डोळा गिन्यार करणारा दुःख ओढवून आणतो असं म्हटलंय. सहाव्या अध्यायात दुर्जनाचं वर्णन आहे: डोळ्यांनी गिन्यार करणारा, पायांनी बोलणारा, बोटांनी खुणा करणारा. तिथे गिन्यो म्हणजे कटकारस्थान. पुढे त्याच हालचालीला गंमतीचा आणि जवळिकीचा अर्थ आला, पण गुप्तपणा तसाच राहिला.

या गुप्तपणावरून मानववंशशास्त्रात एक प्रसिद्ध उदाहरण आहे. अमेरिकन अभ्यासक क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी १९७३ मध्ये ते वापरलं, मूळ ब्रिटिश तत्त्वज्ञ गिल्बर्ट राइल यांचं. दोन मुलं एक डोळा मिटतात. एकाची पापणी उगाच फडफडली आहे, दुसऱ्याने मित्राला खूण केली आहे. कॅमेऱ्यात दोन्ही हालचाली सारख्याच. मग तिसरा मुलगा खूण करणाऱ्याची नक्कल करतो, आणि त्याचीही हालचाल तीच, पण ती खूणही नाही आणि फडफडही नाही. स्पॅनिशमध्ये पहिल्याला 'तिक' म्हणतील, दुसऱ्याला गिन्यो. समाजशास्त्राचं स्पॅनिश पुस्तक भाषांतराला आलं आणि त्यात तिक-गिन्यो अशी जोडी दिसली, तर समजा की लेखक गीर्ट्झकडे बोट दाखवतोय, आणि तेवढ्यापुरतं ते बोट दाखवणं हाही एक गिन्योच आहे.

गिन्यो सगळ्यात मोकळेपणाने बघायचा तर पत्त्यांच्या टेबलावर. आपल्याकडे मेंढीकोट खेळताना भिडूला खुणा केल्या की आरडाओरडा होतो. बास्क प्रांतात आणि उरलेल्या स्पेनमध्ये खेळल्या जाणाऱ्या मुस या खेळात खुणा करणं हा नियमाचाच भाग आहे. चार खेळाडू, समोरासमोर बसलेले दोन भिडू, चाळीस पानांची स्पॅनिश गड्डी. खुणांना 'सेन्या' म्हणतात आणि त्या ठरलेल्या आहेत. खालचा ओठ दातात धरला तर हातात दोन राजे आहेत. जिभेचं टोक दाखवलं तर दोन एक्के. भुवया उंचावल्या तर दोन जोड्या. आणि एक डोळा मिटला तर एकतीस. चार पानांची बेरीज एकतीस किंवा जास्त झाली की 'खुएगो' होतो, आणि त्यात सगळ्यात वरचढ एकतीसच. बत्तीस त्याच्या खालोखाल, मग चाळीस, मग सदतीस आणि तिथून खाली, असा विचित्र क्रम आहे.

कसब खूण करण्यात नाही, वेळ साधण्यात आहे. डाव वाटून झाला की प्रतिस्पर्धी आपली पानं उचलून बघायला मान खाली घालतो, तेवढ्या क्षणात भिडूकडे बघून डोळा मिटून उघडायचा. भिडूही तेव्हा आपल्याकडेच बघत असायला हवा. चुरशीच्या डावात चौघंही पानं न बघता एकमेकांची तोंडं न्याहाळत बसलेले असतात, आणि बाहेरच्या माणसाला वाटतं यांचं काहीतरी बिनसलंय. मुसमध्ये खोटी खूण करणं मात्र निषिद्ध आहे. हातात एकतीस नसताना डोळा मिटला तर ती बेइमानी. न दाखवणं चालतं, खोटं दाखवणं नाही.

अटलांटिक ओलांडून अर्जेंटिना आणि उरुग्वायमध्ये गेलं की ट्रुको हा खेळ आहे. तिथेही खुणा आहेत पण अर्थ वेगळा. अर्जेंटिनात भुवया उंचावल्या तर तलवारीचा एक्का, म्हणजे तिथल्या खेळातलं सर्वोच्च पान. डोळा मिटला तर सोट्याचा एक्का, दुसऱ्या क्रमांकाचं पान. आणि ट्रुकोत थापा मारणं हाच खेळ, त्यामुळे प्रतिस्पर्ध्याला दिसेल अशा बेताने खोटा गिन्यो करणाऱ्याचं कौतुक होतं. म्हणून कथेत पत्ते खेळताना कुणी गिन्यो केला, तर आधी देश बघा. माद्रिदच्या कथेत 'त्याने डोळा मिटला, म्हणजे एकतीस आहे' असं समजतं. बुएनोस आइरेसच्या कथेत तेच वाक्य 'कदाचित सोट्याचा एक्का आहे, कदाचित थाप आहे' असं. मराठीत या सगळ्यासाठी आपल्याकडे एक सुंदर शब्द पडून आहे, नेत्रपल्लवी. तो पत्त्यांच्या प्रसंगात चपखल बसतो. 'दोघांची नेत्रपल्लवी झाली' म्हटलं की तिसऱ्याला वगळलं जाणं आपसूक आलं. फक्त हा शब्द प्रेमिकांसाठी राखीव असल्यासारखा वापरला गेलाय, त्यामुळे दोन दाढीवाल्या बास्क म्हाताऱ्यांना लावताना थोडी मौज वाटते. मला ती मौज चालते.

दुसरं वाक्य, सिनेमाचं. गिन्योचा आज सगळ्यात जास्त वापर इथे आहे. स्पॅनिश अकादमीच्या शब्दकोशात गिन्योचा दुसरा अर्थ दिलाय, अप्रत्यक्ष संदेश, स्पष्ट न सांगितलेला. दिग्दर्शक एखादी चौकट, संवाद, रस्त्याचं नाव अशा बेताने ठेवतो की ज्याने जुना सिनेमा बघितलाय त्याला गालात हसू येतं आणि ज्याने बघितलेला नाही त्याचं काहीच बिघडत नाही. इथे तिसरा माणूस म्हणजे शेजारच्या खुर्चीवरचा प्रेक्षक. गिन्यो आणि 'ओमेनाखे', म्हणजे मानवंदना, यांतला फरक इथेच आहे. मानवंदना सगळ्यांना दिसते, दिसायलाच हवी. गिन्यो हुकला तरी गोष्ट पुढे जाते.

पेद्रो आल्मोदोव्हार यांचा १९९९ चा 'तोदो सोब्रे मि माद्रे' घ्या. नावाचा अर्थ 'माझ्या आईबद्दल सगळं'. १९५० च्या 'ऑल अबाउट ईव्ह' या हॉलिवुडपटाची आठवण ज्याला आहे त्याला नावातच गिन्यो दिसतो. पण गंमत अशी की तो इंग्रजी सिनेमा स्पेनमध्ये 'एव्हा आल देस्नुदो' अशा वेगळ्याच नावाने लागला होता, त्यामुळे साध्या स्पॅनिश प्रेक्षकाला तो नुसत्या नावावरून लागायचा नाही. मग आल्मोदोव्हार सुरुवातीलाच आई आणि मुलाला टीव्हीवर तोच सिनेमा बघायला बसवतात, आणि मुलगा कुरकुरतो की नाव चुकीचं भाषांतर केलंय, 'तोदो सोब्रे एव्हा' हवं. त्या क्षणी गिन्यो उघड होतो, म्हणजे तो आता मानवंदनेत जमा. समीक्षक या सिनेमाबद्दल लिहिताना दोन्ही शब्द वापरतात ते याच कारणाने, आणि भाषांतरात दोन्हींना 'सलाम' करून टाकणं ही आळशी सवय आहे. आपल्या परीक्षणांमध्ये हल्ली जिथे तिथे सलाम असतो.

तर परीक्षणातल्या त्या वाक्याचं मी असं करीन: 'जुने गुन्हेपट बघितलेल्यांना या सिनेमात पावलोपावली ओळखीच्या खुणा सापडतील.' वाक्य उलटं झालं, गिन्यो गायब झाला, पण कुणासाठी आणि कुणापासून लपवून हे राहिलं. मूळ लेखक टवाळ शैलीचा असेल तर 'दिग्दर्शक अधूनमधून जाणकारांकडे बघून डोळा मिचकावतो' हेही चालेल. तिथे डोळा आणायला हरकत नाही, कारण वाचकाला दिग्दर्शक आणि जाणकार अशी दोन माणसं स्पष्ट दिसताहेत. मुलांच्या ॲनिमेशनपटाबद्दल तर हा शब्द हमखास येतो: 'मोठ्यांसाठी गिन्यो'. म्हणजे विनोद असा, की मुलाला कळणार नाही आणि सोबत आलेला बाप हसेल.

राजकारणात शब्दाला धार येते. स्पेनच्या बातम्यांत 'सरकारचा स्वयंरोजगारांना गिन्यो' असे मथळे येतात. अर्थसंकल्पात एखादी छोटी सवलत, भाषणात एखादं वाक्य, जे बाकीच्यांच्या लक्षात येणार नाही पण त्या गटाला कळेल की आपली आठवण ठेवलीय. इथे मराठीत शब्दांची चंगळ आहे आणि प्रत्येकाला वेगळा कल आहे. 'संकेत दिले' हा सरळ आणि बातमीला योग्य. 'साद घातली' थोडा भावनिक. 'चुचकारलं', 'गोंजारलं' यात लेखकाचा टोमणा येतो. 'गाजर दाखवलं' म्हटलं की तुम्ही भाषांतरकार न राहता विरोधी पक्षात गेलात. मूळ गिन्यो यापैकी कशातच पूर्ण बसत नाही, त्यात थोडी लाडीगोडी आहे पण फसवणूक गृहीत नाही. मी बातमीत 'सूचक संकेत' आणि स्तंभलेखात 'चुचकारणे' घेतो. दोन पक्षांच्या युतीच्या चर्चेत एकाने दुसऱ्याला गिन्यो केला असेल तर 'जवळिकीचे संकेत' हे आपल्या वर्तमानपत्री मराठीत इतकं रुळलंय की दुसरं शोधायची गरज नाही.

तिसरं वाक्य अर्जेंटिनाचं, आणि तिथे अर्थाने आणखी एक वळण घेतलंय. 'कोन एल गिन्यो दे ला कासा रोसादा.' कासा रोसादा म्हणजे बुएनोस आइरेसमधली गुलाबी वास्तू, राष्ट्राध्यक्षांचं कार्यालय. आपण 'वर्षा' किंवा 'दिल्ली' म्हणतो तसं ते तिथल्या बातम्यांत सत्तेचं नाव आहे. तिचा गिन्यो घेऊन जाणं म्हणजे वरून होकार आहे, पण कागदावर नाही. कुणी विचारलं तर दोन्ही बाजू नाही म्हणणार. 'हिरवा कंदील' इथे चुकीचा, कारण हिरवा कंदील चौकातल्या सगळ्यांना दिसतो. 'वरदहस्त' जरा जास्त होतो, तो कायमचा असतो आणि गिन्यो एका कामापुरता. 'मूक संमती' चालेल. बोलीभाषेत लिहायचं तर 'वरून आतून होकार होता', हे वाक्य व्याकरणाच्या मास्तरांना रुचणार नाही पण कुठल्याही तालुक्याच्या गावात बरोबर समजेल.

गोव्यातल्या वाचकांसाठी इथे एक इशारा. १९६१ पूर्वी पोर्तुगीज शाळेत शिकलेल्या किंवा घरात ती भाषा ऐकलेल्या माणसाला स्पॅनिश वाचताना वाटतं की अर्धं आपल्याला येतंच. या शब्दाबाबत ते फसवं आहे. पोर्तुगीजमध्ये डोळा मारण्याला 'पिस्कार' म्हणतात आणि 'गिनादा' म्हणजे अचानक घेतलेलं तीव्र वळण. त्यामुळे स्पॅनिश बातमीत 'उजव्यांना गिन्यो' असेल तर नेत्याने उजव्या गटाला हळूच खूण केलीय, आणि पोर्तुगीज बातमीत 'उजवीकडे गिनादा' असेल तर पक्षच उजवीकडे वळलाय. एकीत खूण, दुसरीत दिशाबदल. दोन भाषांच्या बातम्या एकत्र वाचून लेख लिहिणाऱ्याने हे टेबलावर चिकटवून ठेवावं.

ही गिनादा आली कुठून? समुद्रावरून. स्पॅनिशमध्येही 'गिन्यादा' आहे. तिचा एक अर्थ डोळा मारणं, आणि दुसरा जहाजाचा. सुकाणू सरळ धरलेलं असताना लाटेने किंवा वाऱ्याने जहाजाचं नाक ठरलेल्या दिशेपासून इकडे-तिकडे झुकतं, ती गिन्यादा. विमानांच्या काळात हाच शब्द हवेत गेला: विमान पंखांवर कलतं ते आलाबेओ, नाक वर-खाली करतं ते काबेसेओ, आणि नाक डावी-उजवीकडे फिरवतं ती गिन्यादा. तांत्रिक मजकुरात हा शब्द आला तर डोळा अजिबात आठवू नका, ते उभ्या अक्षाभोवती फिरणं आहे. फ्रेंचमधलं भावंड 'गिन्ये' तिरक्या नजरेने बघण्यासाठी वापरतात. सरळ समोर न बघता बाजूला वळणं, नजरेचं असो की नाकाचं, इतकं साम्य दिसतं. त्यावरून व्युत्पत्तीचा इमला बांधायला मी जाणार नाही.

आता टॅक्सीवाला. अर्जेंटिनात गाडीच्या वळणाच्या दिव्याला गिन्यो किंवा गिन्ये म्हणतात. 'पुसोऽ एल गिन्यो', म्हणजे इंडिकेटर दिला. बोलिव्हियात तोच 'गिन्यादोर', डोळा मारणारा. स्पेनमध्ये 'इंतेर्मितेन्ते', मेक्सिको आणि कोलंबियात 'दिरेक्सियोनाल', उरुग्वायमध्ये 'सेन्यालेरो'. माद्रिदच्या टॅक्सीवाल्याच्या तोंडी 'गिन्यो लावला' घातलं तर तो अर्जेंटिनाहून आलाय असं वाटेल, आणि लेखकाने तेच सुचवायला ते घातलं असेल तर भाषांतरात ते हरवणारच. पोर्तुगालमध्ये या दिव्याला 'पिश्का' म्हणतात, म्हणजे तिथेही डोळाच मारतात. हा एकच गिन्यो असा आहे की ज्यात गुपित नाही. मागचा, पुढचा, चौकातला पोलीस, सगळ्यांना दिसावा म्हणूनच तो असतो. इथे राहिलाय तो फक्त एका बाजूच्या डोळ्याची उघडझाप. मराठीत 'इंडिकेटर देऊन उजवीकडे वळला', यापेक्षा जास्त विचार करू नका.

जाता जाता आसपासचे शब्द. कोलंबिया, व्हेनेझुएला आणि कॅरिबियन बेटांवर गिन्यार कमी ऐकू येतं, तिथे 'पिकार एल ओखो' म्हणतात. पिकार म्हणजे एरवी टोचणे किंवा डास चावणे, त्यामुळे शब्दशः गेलात तर नायकाने नायिकेच्या डोळ्याला इजा केली असं होईल. नुसत्या पापण्या लवण्याला 'पार्पादेआर' किंवा 'पेस्तान्येआर'; एक पापणीवरून, दुसरा पापणीच्या केसांवरून. 'सिन पेस्तान्येआर' म्हणजे पापणीही न हलवता. कुणाच्या गैरप्रकाराकडे मुद्दाम न बघणं हे स्पॅनिशमध्ये गिन्यो नव्हे, त्याला 'आसेर ला व्हिस्ता गोर्दा', नजर जाड करणं, असं म्हणतात. त्यासाठी आपला कानाडोळा अगदी तयार आहे. आणि स्पेनमध्ये कुणी तर्जनीने डोळ्याची खालची पापणी खाली ओढून दाखवली तर ती डोळ्याचीच खूण, पण अर्थ 'सांभाळ, समोरचा बिलंदर आहे'. तिचा गिन्योशी संबंध नाही, उपशीर्षकात मात्र लोक दोन्ही एकच करतात.

दिसायला सारखे पण नातं नसलेले तीन. 'गिन्योल' म्हणजे हातमोज्यासारखी घालायची बाहुली आणि तिचा खेळ. फ्रान्सच्या लिऑन शहरात एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोराँ मूर्गे यांनी उभ्या केलेल्या गिन्योल नावाच्या बाहुलीवरून आलेला. 'गिन्यापो' म्हणजे चिंधी. माणूस 'गिन्यापो झाला' म्हणजे त्याचं पार पोतेरं झालं. तिसरा स्पेनच्या बोलीतला 'दिन्यार', जिप्सींच्या कालो भाषेतून आलेला. 'ला दिन्योऽ' म्हणजे गचकला. गुन्हेगारी मालिकेत पात्रं भराभर बोलत असतात, ध्वनिमुद्रण खराब असतं, आणि 'ला दिन्योऽ'च्या जागी 'गिन्योऽ' ऐकून भाषांतर केलं तर मेलेला माणूस पुढच्या प्रसंगात डोळा मारत बसतो.